रुईबीची निशाणी

रुईबीच्या उजव्या हातात मी कधी बांगडी पाहिली नाही. डाव्या हातात मनगटभर हिरव्या काचेच्या बांगड्या आणि उजवा हात मोकळा, सुताराच्या हातासारखा पिळदार. नवी माणसं तिला पाहून गोंधळत. नवरा चांगला समोर बसलेला दिसतोय, मग ही बाई अर्ध्या अंगानं विधवा झाली की काय! कुणी विचारलंच तर ती हसून म्हणायची, "उजव्या हातानं मोगरी मारा लागते बाई. बांगडी घातली तं दिसातून धा खेपा फुटन. मी माहं पोट भरू का कासाराचं भरू?"

मोगरी म्हणजे कापूस पिंजायच्या कमानीची तात, तिची ताणलेली दोरी, ज्यानं छेडतात तो लाकडी ठोकळा. रुईबी आणि तिचा नवरा दाऊद, दोघंही पिंजारी. तिचं खरं नाव सकीना. पण केसांत, भुवयांत, ओढणीच्या काठाला सदा कापसाचे तंतू चिकटलेले, म्हणून सारा बाजार तिला रुईबी म्हणे. अमरावतीच्या कचेरीसमोर एक जुनं चिंचेचं झाड होतं. त्याच्या एका अंगाला त्या दोघांचं खोपट आणि दुसऱ्या अंगाला माझी बैठक. मी अर्जनवीस होतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज, करार, चिठ्ठ्या लिहून द्यायच्या आणि त्यावर आईचं नि आपलं पोट भरायचं. वय बाविशीचं. चार अक्षरं बरी काढता येत होती एवढंच, पण वासरांत लंगडी गाय शहाणी, तसा मी त्या झाडाखाली शहाणा ठरलो होतो. रुईबी मला मुन्शीजी म्हणायची, आणि तिच्या तोंडून ते ऐकलं की मी बसल्या जागी दोन बोटं उंच होत असे.

माझी आई सोवळ्याची फार कडक. पण देवाच्या वातींचा कापूस मात्र तिला रुईबीकडचाच लागे. कापसाला विटाळ नाही, असं तिचं शास्त्र होतं. दर पंधरा दिवसांनी रुईबी पिंजलेल्या रुईचं गाठोडं आमच्या पायरीवर आणून ठेवी आणि आईला आत ऐकू जाईल अशा बेतानं मला म्हणे, "पाहा मुन्शीजी, माह्या हातची रुई तुमच्या देवाजवळ जळते, अन् माह्या हातचं पानी तुमाले चालत नाई. तुमचा देव तुमच्यापरीस बरा." आई हसू दाबत आतूनच मला सांगायची, "तिला म्हणावं, पुढच्या खेपेला सरकी नीट वेचून आण." दोघींचा स्नेह असा मला मध्ये उभं करून चालत असे. एकमेकींची तोंडं त्यांनी फारशी पाहिली नसतील, पण आईला ताप आला की रुईबीला माझ्याआधी कळायचं.

तिची बोटं मोठी न्यारी होती. कुठल्याही गाडीतली चिमूटभर रुई घ्यायची, दोन बोटांत ओढायची, आणि सांगून मोकळं व्हायचं की धागा लांब आहे की आखूड, वेचणी दवात झाली की उन्हात, वजन वाढवायला पाणी मारलंय की नाही. तिचं एक म्हणणं मी हजारदा ऐकलं असेल. कुणी उसनवारी करून नवं पागोटं मिरवलं, कुणी ऐपत नसताना गावजेवण घातलं, की कमान खाली न ठेवताच ती म्हणायची, "पिंजलेली रुई खोलीभर दिसते मुन्शीजी, पर तागडीत टाकली का तेवढीच." पुढे सारं वऱ्हाड त्या तागडीत बसणार होतं. तेव्हा आम्हाला काय ठाऊक.

तिची माझी ओळख पक्की झाली ती खोपटाच्या भाडेचिठ्ठीमुळे. आमच्या धंद्याची रीत अशी की ज्याला लिहिता येत नाही त्यानं लिहिणाराच्या कलमेला हात लावायचा. हात लागला की लिहिणारा त्याच्या वतीनं कागदावर निशाणी काढतो. कुणब्याची निशाणी नांगर, वाण्याची तागडी, पिंजाऱ्याची कमान. आणि बाई असली की बांगडी, मग ती बाई कोणी का असेना. दाऊदची कमान काढून झाल्यावर मी सवयीनं बांगडी काढायला घेतली, तोच रुईबीनं कलम धरली.

"हे काय काढून राहिले?"

"बांगडी. बाईची निशाणी बांगडीच असते."

तिनं आपला मोकळा उजवा हात माझ्या नाकासमोर धरला. "कुठी दिसते तुमाले? पिंजतो तं मीबी. त्याची कमान अन् माही काहून बांगडी?"

मी म्हटलं, अशी रीत नाही. ती म्हणाली, "मंग लिवून ठेवा का रुईबीपासून रीत झाली." आणि माझ्या हातातून कलम घेऊन तिनं स्वतःच कमान काढली. वाकलेला दांडा, ताठ तात, आणि शेजारी एक ठिपका, तो मोगरीचा. जन्मात पहिल्यांदा कलम धरलेली बाई, पण दाऊदच्या नावानं मी काढलेल्या कमानीपेक्षा तिची कमान चांगली आली होती. दाऊदनं तो कागद घडी घालून आपल्या पेटीत ठेवला.

दाऊदशी भांडण झालं की तिचं एक वाक्य ठरलेलं होतं. "आंधी माहे सव्वाशे आनून ठेव, मंग बोल." हे सव्वाशे कसले म्हणून मी एकदा विचारलं. तर तो तिचा मेहर. निकाहाच्या वेळी नवऱ्यानं चार माणसांदेखत बायकोला कबूल केलेली रक्कम. ती म्हणाली, "म्या मांगतले नाई म्हनून त्याच्यापाशी ठेवेल हायेत. माहेच हायेत." मी म्हटलं, नवऱ्याकडून कोण मागून घेतं? "नाईच घेत. नवरा मेला का मय्यत उचलाच्या आंधी चार मानसं येतात, म्हनतात बाई, मेहर बक्षून दे, त्याच्या मानेवर कर्ज नोको जाऊ देऊ. बाई रडता रडता हो म्हनते. झालं." मग दाऊदकडे डोळा टाकून ती पुढे म्हणाली, "मी तं असी सहजी नाई म्हननार हो. त्याईले म्हनन, आंधी याले उठवा, याच्याशी दोन शब्द बोलाचे हायेत." दाऊद पोट धरून हसला. तो तेव्हा हसत असे.

मग अमेरिकेत लढाई लागली. ती अमेरिका कुठल्या दिशेला हेही आम्हाला माहीत नव्हतं, पण तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईचे व्यापारी अमरावतीत ठाण मांडून बसले. बडनेऱ्याकडून येणाऱ्या गाड्यांची रांग सकाळी सुरू व्हायची ती संध्याकाळी संपत नसे. कुणब्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. दाऊदनं या धामधुमीत दलाली सुरू केली. खरं सांगायचं तर दलाली केली ती रुईबीच्या बोटांनी. तो गाडीगाडीतली मूठमूठ रुई आणून तिच्या पुढ्यात टाकी आणि ती पिंजता पिंजता सांगे, "हे घे. हे सोड. याच्यात पानी मारेल हाये." दाऊदचा शब्द कधी खोटा पडत नाही, अशी व्यापाऱ्यांत ख्याती झाली. दोन हंगामांत दाऊद पिंजारी दाऊदशेठ झाला.

शेठ झाल्यावर नवं घर आलं, घराला माडी आली, माडीला पडदा आला आणि पडद्यामागे रुईबी बसली. नाकापेक्षा मोती जड झाला. चिंचेखालचं खोपट सुटलं, तरी तिनं आपली कमान उचलून नेली होतीच. ती मागच्या पडवीत टांगून ती रोज थोडी रुई पिंजायची. बैठकीत मुंबईचे शेटजी पान खात बसलेले आणि आतून तुंई-तुंई-धप्प. कुणीतरी हसून विचारी, शेठ, घरात पिंजारी बसवलाय वाटतं? दाऊद घाम पुशी. त्यानं तिला सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं. वातींचा कापूस द्यायला ती बुरख्यातून आमच्या पायरीवर आली तेव्हा मला म्हणाली, "बोट दुखलं नाई तं मले झोप येत नाई मुन्शीजी. त्याले सांगा ना समजावून. तुमचं ऐकते तो." मी काही सांगितलं नाही. दाऊदशेठच्या ओळखीनं अकोल्याच्या कचेरीत माझ्या नोकरीची खटपट चालली होती.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती सांगतो, नाही तर रुईबीच्या गमती सांगत मी असाच पळ काढीन.

हंगामाच्या ऐन गर्दीत एका सकाळी दाऊदशेठ दोन साक्षीदार घेऊन माझ्या बैठकीवर आला. म्हणाला, सकीनानं राजीखुशीनं मेहर माफ केला आहे, तसा कागद लिहा. मी विचारलं, "रुईबी कुठं आहे? कलमेला हात लावावा लागेल."

"आता ते पडद्यात हाये मुन्शीजी. बजारात कसी येईन? घरी हो म्हने. तुमी काढा निशानी."

पडद्यातल्या बायकांच्या निशाण्या आम्ही अर्जनवीस सर्रास अशाच काढत होतो. नवरा हो म्हणाला की बायको हो म्हणाली. पण ही पडद्यातली बाई रुईबी होती, आणि ती सहजासहजी माफ करणारी नव्हती हे तिनं माझ्यादेखत सांगितलं होतं. ती चारशे पावलांवर राहत होती. उठून दारापर्यंत गेलो असतो तर पुरे होतं. मी उठलो नाही. कागद लिहिला, आणि निशाणीच्या जागी येऊन थांबलो. कमान काढली तर ती खोटी सही होईल, पण बांगडी काढली तर ती नुसती रीत, असा विचार मी त्या वेळी खरोखर केला. आमच्या धंद्यातल्या माणसालाच अशी पळवाट सुचावी. मी बांगडी काढली. छान गोल आली.

पुढच्याच महिन्यात दाऊदनं तिला तलाक दिला. एलिचपूरच्या एका इभ्रतदार घरातून सोयरीक आली होती, आणि त्या घराला परसात पिंजणारी सवत नको होती. तलाकनंतर बाईनं पाळायच्या इद्दतीचे तीन महिने घरात बसून काढल्यावर रुईबी चिंचेखाली आली. बुरखा मागे टाकलेला, उजवा हात उघडा. कमान दाऊदनं ठेवून घेतली होती.

"अर्ज लिवा मुन्शीजी. मले माहा मेहर पायजे."

तिला काय हवं होतं ते तिनं स्वच्छ सांगितलं. सव्वाशे रुपयांत एक कमान येईल, एक स्वतःची खोली येईल, आणि भावाच्या दारात आश्रित म्हणून उभं राहावं लागणार नाही. मग म्हणाली, "अन् पैसा जाऊ द्या. मेहर घेऊन निंगाली तं मी सोडलेली. बिना मेहराची निंगाली तं फेकलेली. हे समजते ना तुमाले?"

समजत होतं. मी तोंड उघडलं, सांगणारही होतो, पण ती म्हणाली, "तुमी लिवलं का कागद बोलते," आणि माझं तोंड मिटलं. त्या अर्जाइतका चांगला अर्ज मी जन्मात लिहिला नाही. तलाकनंतर राहिलेला मेहर हा बाईचा हक्क, तो देण्यावाचून नवऱ्याची सुटका नाही, हे मी असं ठासून लिहिलं की वाचणाऱ्याला वाटावं हा अर्जनवीस केवढा न्यायी माणूस आहे. शेवटी निशाणीसाठी तिनं कलम मागून घेतली आणि कमान काढली. लिहिणावळ म्हणून तिनं वातींच्या रुईचं गाठोडं ठेवलं. मी ते घेतलं.

तहसीलदार शांत, समंजस गृहस्थ होते. त्यांनी काझींना विचारून घेतलं. काझी म्हणाले, तलाक दिला की राहिलेला मेहर द्यावाच लागतो. बाईनं आपखुशीनं माफ केला असेल तरच तो सुटतो. तेव्हा दाऊदनं खिशातून माझा कागद काढला.

रुईबीला तो दाखवला. तिनं अक्षरांकडे पाहिलंच नाही, सरळ खालची निशाणी पाहिली आणि हसली. "हे माही नोहे साहेब. माही निशानी कमान हाये. अर्जावर पाहा." दाऊदचा वकील म्हणाला, अर्ज कालचा, ही कमान कालच सुचली असेल. जुना कागद आहे का? ती म्हणाली, "हाये. खोपटाची भाडेचिठ्ठी. दाऊदच्या पेटीत हाये." दाऊद म्हणाला, असा कागद माझ्याकडे कधी नव्हता. ती जराही डगमगली नाही. माझ्याकडे हात करून म्हणाली, "मुन्शीजीले पुसा ना. त्याईनंच लिवला होता."

तहसीलदारांनी मला दोनच प्रश्न विचारले. माफीचा कागद लिहिताना या बाईनं तुमच्या कलमेला हात लावला होता का? खोटा कागद केला असं कबूल करणं म्हणजे धंदा जाणं, कदाचित तुरुंग, आणि अकोल्याची नोकरी तर गेलीच. घरी आई होती. हे सगळं मला एका श्वासात दिसलं. मी म्हणालो, "होय." दुसरा प्रश्न, तिची कमान असलेला जुना कागद तुम्हाला आठवतो का? मी म्हणालो, "आठवत नाही."

रुईबी माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं ती ओरडेल, शिव्या देईल. वऱ्हाडातली बाई, तोंडाची तिखट. पण तिनं ओढणी डोक्यावर घेतली आणि तहसीलदारांना म्हणाली, "मुन्शीजी म्हनतात तं मीच इसरली असन साहेब." तिनं दावा तिथंच सोडला. मी कित्येक दिवस मनाला समजावत होतो की तिला खरंच तसं वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी पंधरवडा भरत होता. सकाळी पायरीवर नेहमीपेक्षा बरंच मोठं रुईचं गाठोडं होतं, रुईबी नव्हती. ती अकोल्याला भावाकडे गेली होती. कमान नसताना तिनं ती रुई कुणाकडे पिंजली असेल कोण जाणे. आईनं आतून विचारलं, "तिच्या दाव्याचं काय झालं रे?" मी म्हटलं, "हरली." आई म्हणाली, "अरेरे, तुझ्यासारखा लिहिणारा असून?" त्या गाठोड्याच्या वाती आम्हाला सहा महिने पुरल्या. रोज संध्याकाळी देवापुढे रुईबीच्या हातचा कापूस जळायचा आणि मी हात जोडून भिंतीकडे बघायचो.

मला नोकरी लागली, तीही अकोल्यालाच. कुणाला वाटेल हा नशिबाचा खेळ. मला विचाराल तर ती शिक्षा होती. मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात गेलं की एका बोळात तिच्या भावाचं घर होतं. भाऊ दुपारी आडवा झाला की त्याची कमान तिला मिळे, तेवढ्या दोन तासांत ती पिंजून घ्यायची. भावजय ताटात भाकरी टाकताना आवाज करायची, तो रस्त्यावर ऐकू येई. मी लांबून तिचा उजवा हात ओळखला. दोनदा तसाच परत फिरलो.

वर्षभर पगारातून शिल्लक टाकून मी सव्वाशे रुपये जमवले, फडक्यात बांधले आणि एका दुपारी तिच्या ओट्यासमोर जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते घरून पाठ करून गेलो होतो, ते सगळं विसरलो. नुसतं गाठोडं पुढे केलं. तिनं मोगरी थांबवली, गाठोड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चिंचेखाली हसायची तशीच हसली.

"मेहर नवऱ्याकडून घेतात मुन्शीजी. तुमच्याकडून घेतला तं तुमाले नवरा करा लागन. मंग तुमची आई पायरीवर तरी उभी राहू देईन का मले?"

"बी, मी..."

"ठेवा ते. आई बरी हाये ना? वाती कोन देते आता?"

तेव्हा मला कळलं की तिला दाव्याच्या दिवसापासून सगळं कळलं होतं. कचेरीत ‘मीच इसरली असन’ म्हणताना तिनं मला वाचवलं होतं की मारलं होतं, हे मात्र मला अजून कळलेलं नाही. गाठोडं घेऊन मी परत आलो. मोर्णेच्या पुलाशी येईपर्यंत ते इतकं जड झालं होतं की दोनदा हात बदलावा लागला.

मग अमेरिकेतली लढाई संपली. रुई तागडीत पडली. मुंबईचे शेटजी रातोरात दिसेनासे झाले, चांदीच्या शेंब्या सावकाराकडे गेल्या. दाऊदशेठचं घर गेलं, माडी गेली, एलिचपूरची बायको माहेरी गेली ती परतली नाही. रुईबीची बोटं नसताना त्यानं शेवटच्या हंगामात पाणी मारलेला माल घेतला होता, असं लोक सांगत. तो अकोल्याला आपल्या म्हाताऱ्या चुलत्याकडे येऊन राहिला आणि नव्यानं सुरू झालेल्या आगगाडीच्या ठाण्यावर गठ्ठे वाहू लागला. चुलत्याचं घर रुईबीच्या घरापासून दोन बोळ पलीकडे. हिवाळ्यात दाऊदची दुलई पिंजायला तिच्या भावाकडे आली तेव्हा तिनं ती ओळखली. भाऊ म्हणाला, परत पाठव. तिनं ती पिंजली, आणि स्वतःची मूठभर रुई त्यात जास्त घालून पाठवली. "सोडलं त्यानं मले. थंडीनं तं नाई सोडलं ना त्याले," एवढंच ती म्हणाली. हे मला तिच्या भावजयीनंच पुढे सांगितलं, आणि सांगताना तिचाही आवाज पडला होता.

त्याच हिवाळ्याच्या अखेरीस एका दुपारी कचेरीत एक माणूस मला शोधत आला. "रुईबीनं बलावलं. दौत-कलम घेऊन या, म्हने."

बोळात माणसं उभी होती. दाऊद सकाळी गेला होता. रुईबी ओट्यावर बसलेली, समोर दाऊदचा चुलता काठी टेकून उभा, शेजारी मशिदीचे मौलवी. त्यांचं बोलणं आधीच सुरू झालं होतं. चुलता म्हणत होता, "बेटी, मेहर बक्षून दे. मय्यत थांबली हाये."

"बक्षला हाये ना चाचा. सरकारात कागद हाये. त्याच्यावर बांगडी हाये."

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. "त्या कागदाचं आमाले ठाव हाये बेटी. वरती तो कागद चालत नाई."

"इथं तं चालला," रुईबी म्हणाली.

मग तिला मी दिसलो. "बसा मुन्शीजी. लिवा."

मी ओट्याच्या खालच्या पायरीवर बसलो. ती सावकाश, एकेक वाक्य सांगत गेली. मेहर म्या आज माफ केला. याच्या आंधी कधी केला नाही. आंधीच्या कागदाले माहा हात लागला नाही. मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं म्हणून नावाजलेलं, पण तिसऱ्या ओळीला ते मला माझं वाटेना.

"वाचा. मोठ्यानं वाचा, चाचाले कमी ऐकू येते."

मी वाचलं. तीनच वाक्यं. कचेरीत जे माझ्या तोंडून निघालं नव्हतं ते त्या बोळात, पन्नास माणसांदेखत, माझ्याच आवाजात सगळ्यांनी ऐकलं. म्हाताऱ्यानं एकदाच माझ्याकडे पाहिलं. रुईबीनं कलम घेतली आणि खाली कमान काढली. तात पहिल्यासारखीच ताठ आली. मग तिनं दाऊदच्या घराच्या दिशेला तोंड करून मोठ्यानं म्हटलं, "बक्षला दाऊद. जा." आणि इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

माणसं मय्यतीकडे वळली. कागद चुलत्यानं घेतला नाही. ती म्हणाली, "तुमच्यापाशीच ठेवा मुन्शीजी. त्याले आता कागद लागत नाई." बोळ रिकामा झाल्यावर मी हात जोडले. "बी, त्याला माफ केलंस. मलाही कर."

तिनं ओढणीनं डोळे पुसले. रागानं नाही, अगदी हिशेबी माणसासारखं शांतपणे ती म्हणाली, "तो माहं देनं लागत होता, ते म्या सोडलं. तुमी माहं काय देनं लागत होते मुन्शीजी? काहीच नाई. मी तं तुमच्यावर भरोसा ठेवला होता. देनंच नाई तं माफ काय करू?"

आणि भाऊ मय्यतीवरून परतायच्या आत तेवढी रुई पिंजून घ्यावी म्हणून ती कमानीकडे गेली.

ती आणखी सात-आठ वर्षं जगली. शेवटपर्यंत ती माझ्याशी नीट बोलायची, आईची चौकशी करायची, आई गेल्यावर तिनं वातींचं एक गाठोडंही पाठवलं. माफीचा विषय मी पुन्हा काढला नाही. तिनंही काढला नाही.

मी कचेरीत तीस वर्षं काढली. बाईमाणसाचा कागद असला की मी स्वतः तिच्या दाराशी जाऊन पडद्याआडून हात बाहेर काढायला सांगे, कलमेला तिचं बोट लागलेलं डोळ्यांनी पाही, आणि निशाणी काय हवी ते तिलाच विचारी. सोबतचे कारकून हसत. वरिष्ठ म्हणत, असा चोख माणूस खात्यात दुसरा नाही. पेन्शनीला निघालो तेव्हा कचेरीतल्या लोकांनी हार घातला आणि माझ्या प्रामाणिकपणावर तिघांनी भाषणं केली.

त्या दिवशी घरी येऊन मी पेटीतून तो कागद काढला. अजूनही कुणी माझी अशी तारीफ केली की काढतो. रुईबीची कमान तशीच आहे, मोगरीच्या ठिपक्यासकट. माझ्यापाशी असलेला माफीचा तो एकच कागद. त्यात माझंही नाव आहे, पण ते अगदी खाली, लिहिणाराच्या जागी.